कायमची लागलेली पाटी

कोळसा धुण्याच्या त्या कारखान्यात नवाबभाऊंची शिकवणीची शेड म्हणजे पाहण्यासारखी चीज होती. चंद्रपूरच्या भंगारवाल्यांकडून त्यांनी खरे रोलर आणले, कोळसा वाहून नेणारा खरा पट्टा ताणला आणि शिकणाऱ्यांना खोटं वाटू नये म्हणून वर पोतंभर कोळशाची भुकटीसुद्धा उधळली. साहेब लोक यायचे, खोकायचे आणि म्हणायचे, अगदी खरं वाटतं. तेवढ्यावर नवाबभाऊ आठवडाभर फुगून असायचे.

त्या दुपारी त्यांच्या हाताखाली तयार झालेली दीपाली पहिल्यांदाच एकटी खऱ्या पट्ट्याचा रोलर बदलायला गेली होती. जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद असतो, तेवढ्यात काम उरकायचं. इकडे नवाबभाऊ शेडमध्ये फडकं मारत स्विचपाशी आले. तिथं लाल पाटी होती : 'माणूस काम करत आहे, सुरू करू नका.' फडकं पाटीवरून फिरलं आणि दोन स्क्रूंना अडकलं.

शेडमध्ये पाट्या टिकतच नसत. पत्रा चांगला, म्हणून कुणीतरी माठावर झाकायला घेऊन जायचं. शेवटी वैतागून नवाबभाऊंनीच ही पाटी स्क्रूंनी पक्की करून टाकली होती. म्हणजे दीपालीनं ती रोज पाहिली, पण आपल्या हातानं एकदाही लावली नाही; आणि खऱ्या पट्ट्यावर तर खाली जाणाऱ्यानंच ती स्विचवर लावायची असते.

फडकं हातात तसंच घेऊन नवाबभाऊ खऱ्या पट्ट्याकडे धावत सुटले. सुट्टी संपत आली होती, बाहेर ट्रकांची रांग लागली होती आणि फोरमन गुणवंतराव जेवून आले की पाटी नसेल तर सरळ बटण दाबत. गुडघे कुरकुरत होते, तोंडानं अल्लाचं नाव चाललं होतं. पोरीला काही झालं तर तिच्या आईला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ते पोचले तेव्हा गुणवंतरावांचा हात स्विचकडे गेलेला होता. स्विचवर पाटी नव्हती. नवाबभाऊंनी सरळ गुणवंतरावांचं मनगटच धरलं.

तेवढ्यात पट्ट्याखालून दीपाली बाहेर आली, तोंड काळंकुट्ट, हातात पाना. तिला पाहताच गुणवंतरावांनी हात झटकन मागे ओढला. पाटी का लावली नाही, असं नवाबभाऊंनी विचारलं, तर तिला प्रश्नच कळेना.

"पाटी तं लागलीच राह्यते ना, भाऊ?" ती म्हणाली. "आपल्या शेडमधी तसंच तं हाये."

नवाबभाऊ तिला रागावणार होते, पण शेडमधली पाटी स्क्रूंनी पक्की केली होती ती त्यांनीच. शेडमध्ये परतल्यावर त्यांनी दोन्ही स्क्रू काढले आणि पाटी तिच्या हातात दिली.

"कुठी बी ठेव. उद्यापासून जो पट्ट्याखाली जाईन, त्यानं शोधाची अन् लावाची."

"अन् कोनी चोरून नेली तं?"

"मंग त्या दिवशी पट्ट्याखाली कोनी जानार नाई," नवाबभाऊ म्हणाले.