चार फुटांवर थांबलेली पेटी

मित्रांनो, ते २०२२ साल होतं. उमेळ्याच्या खाडीवर, भातशेतीच्या बांधातल्या उघाडीशेजारी मला बसवलं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरती आली की त्यात फळ्या टाकायच्या, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. मी खाडीचं पाणी किती फूट चढलं ते दाखवणारी पेटी. आता जुनी झाले. तेव्हा माझ्या काचेवर ओरखडासुद्धा नव्हता.

मला हरेशने घडवलं, नायगावला, सातव्या मजल्यावरच्या त्याच्या घरात. सोबत त्याच्याच ऑफिसातली प्रिस्का होती. माझ्या आत कर्नेल नावाचा कारभारी आहे. मी चालू असताना कोणती वस्तू मला जोडली, कोणती निघाली, हे आधी त्याला कळतं. पाण्यातल्या मापकाची वायर निघाली की मी कोकलायची. उघाडी सांभाळत हरेशचे काका, काशीराम. मापकावर चिखल बसतो, म्हणून ते रोज वायर काढून तो धूत, आणि रोज माझा आरडाओरडा.

"हिला गप कर रे बाबा," काका म्हणाले. "माझ्या सासूनंसुदा येवढी बोंब मारली नाय कधी."

हरेश हसला. त्याने ठरवलं, वायर निघाली तर कर्नेलने गाजावाजा करू नये. शेवटचा आकडा धरून ठेवावा आणि वायर परत लागायची वाट बघावी.

प्रिस्काला ते पटलं नाही. "आकडा पुसून टाक ना. माहीत नाही तर माहीत नाही म्हणू दे तिला."

"काकांना रिकामी काच दाखवू? पेटीच खाडीत टाकतील ते."

"टाकू देत."

पण झालं हरेशच्या मनासारखं.

दोन पावसाळे छान गेले. पूर्वी काका पाण्याचा रंग आणि दगडावरची ओल बघून फळ्या टाकायचे. हळूहळू ते नुसतं माझ्याकडे बघू लागले. मला त्याचा केवढा अभिमान वाटे!

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात भात पिवळं पडू लागलं होतं. अमावास्येची, भर दुपारची मोठी भरती. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी शेतातून निघून जावं म्हणून फळ्या उशिरा टाकायच्या होत्या. काकांनी सकाळी मापक धुतला, पण वायर पुरती आत गेली नाही. मग ते बांधाच्या दूरच्या टोकाला खेकड्याचं बीळ बुजवायला गेले. जिजाकाकू खाडीकडे पाठ करून, उघाडीच्या वरच्या पायरीवर माझ्यापाशी जवळा निवडत बसल्या.

"किती पानी गं?" काकांनी हाक दिली.

"चार फूट."

थोड्या वेळाने पुन्हा हाक.

"चारच हाय. चालू द्या तुमचं."

काकूंनी तिसऱ्यांदा चार वाचलं, तेव्हा खालच्या पायरीवर काढलेल्या त्यांच्या चपला तरंगत होत्या.

काका धावत आले, फळी घेऊन दारात उतरले. पाण्याने त्यांना फळीसकट आत ओढलं. माझ्या काचेवर तेव्हाही चारच होते.

ओहोटीला ते भातातच सापडले. ते भात कुणी कापलं नाही.

त्याच आठवड्यात हरेशने कर्नेल बदलला. नंतर तो पुण्याला गेला. मोजमापाचं यंत्र त्याने पुन्हा केलं नाही. जिजाकाकू आगाशीला लेकीकडे राहतात. किती वाजले विचारलं तरी त्या घड्याळ सोडून अंगणात ऊन बघून येतात. प्रिस्काने मला गावच्या शाळेत आणून ठेवलं. दर वर्षी ती मुलांसमोर माझी वायर उपटते. काच रिकामी होते आणि मी कोकलते.

मित्रांनो, कान किटले तरी मला गप्प करू नका. आधी वायर बघा.