साठ ठोके, त्रेपन्न सेकंद

अकरा वर्षं आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली, म्हणून तर राग जास्त येतो. पेट्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. सूर केसभर उतरला तरी माझे दात शिवशिवतात, असं मी चारचौघांत मिरवत आले. आणि आठवड्यामागून आठवडे माझ्या नाकासमोर चुकीच्या सुरात गाणं वाजत राहिलं नि मी ‘वा’ म्हणत राहिले.

आमचं श्रोतामंडळ रविवारी सकाळी दहाला चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत जमतं. चौदा खुर्च्या, टेपचं मशीन, दोन स्पीकर. एक ध्वनिमुद्रण ऐकायचं, पाच मिनिटं कुणी चकार शब्द काढायचा नाही, मग प्रत्येकानं वहीत चार ओळी लिहायच्या आणि सरांनी त्या मोठ्यानं वाचायच्या. सर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मंडळ त्यांनी काढलं, मशीन त्यांचं, आणि मंडळाचा दागिना असलेली ती टेपही त्यांनीच आणली. एक मोठी गायिका सत्तरीत आपल्या घरी बसून तासभर गायली, तेवढंच त्यात आहे. घरच्यांकडून सरांनी ती मिळवली, आपल्या मशीनवर वाजवून दुसऱ्या टेपवर तिची प्रत उतरवली, आणि मूळ टेप पुढे बुरशी लागून गेली.

‘सत्तरीतली बाई आणि काळी पाच,’ असं सर दर वेळी म्हणायचे. काळी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. इतका उंच षड्ज लावून तासभर गायचं तर तरुण पोरींनाही घाम फुटतो. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. पण आम्ही वहीत ‘तेज’, ‘वीज’, ‘वयावर मात’ असले शब्द लिहिण्यात गुंग. दातांच्या डॉक्टरांनी तर एकदा दीड पान लिहिलं होतं.

हे सगळं आमच्या कौतुकापुरतं राहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या बहिणीची मुलगी गाते, आणि तिला सरांकडे मीच नेलं.

तीन वर्षं सरांनी तिला त्या टेपवर वाढवलं. मंडळाच्या वर्धापनदिनी तिनं तोच राग त्याच पट्टीत गायचा, असं ठरलं. पोरगी मुळात काळी चारची. एकदा ती घाबरत म्हणाली, “सर, एक पट्टी खाली घेऊ का?”

“खाली आलीस की ते तेज गेलं,” सर म्हणाले. “सत्तरीच्या बाईला जमलं आणि तुला विशीत जमत नाही?”

मी तिथेच बसले होते आणि मीही मान हलवली. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वैशाखवणव्यात पडल्यासारखा तिचा आवाज महिन्याभरात करपला. आधी घोगरा झाला, मग मधेच तुटायला लागला. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी असल्याचं सांगितलं. दोन महिने एक शब्दही बोलायचा नाही. “पूर्वीसारखी गाईल ना?” मी विचारलं. “ते आत्ता नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या.

पोरगी घरात पाटीवर लिहून बोलायला लागली. कानाला हेडफोन लावून दिवसभर तीच टेप ऐकायची. एका दुपारी ती माझ्या दुकानात बसली होती आणि मी तिच्यासमोर पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, घासत होते. टेपमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधी दोन-तीन मिनिटं तानपुरे जुळवतात, आणि मागे त्या घरातलं घड्याळ टकटक करतं. माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ, सेकंदाला एक ठोका, अजून मिनिटभरही चुकत नाही, हे कौतुक सरांनीच आम्हाला शंभरदा ऐकवलेलं. पोरगी त्या ठोक्यांबरोबर टेबलावर बोट आपटत होती. तिच्या डोक्यावर माझं भिंतीवरचं घड्याळ. आणि तिचं बोट घड्याळाच्या पुढे पळत होतं.

मी हेडफोन मागून घेतला आणि मोजलं. साठ ठोके, त्रेपन्न सेकंद. पुन्हा मोजलं, तेच. तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला काही बोलले नाही, आधी खात्री हवी होती. टेप दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून वेग उतरवलेली प्रत फोनवर घेऊन आले आणि दुकानात एकटीनं ऐकली. षड्ज बरोब्बर काळी चारवर येऊन बसला. साथीची पेटी, जी इतकी वर्षं चिरकी वाजायची, ती पेटीसारखी वाजली. आणि बाईंचा आवाज रुंद, सावकाश, मधूनमधून दम घेणारा. सत्तरीच्या बाईचा आवाज.

रविवारी पोरीला बरोबर घेऊन गेले. सगळ्यांना म्हटलं, आपापली घड्याळं काढा आणि ठोके मोजा.

“इथे गाणं ऐकायला जमतो आपण,” सर म्हणाले, “घड्याळं नाही.”

“मिनिटभराचं काम आहे, सर.”

“त्यांचं घड्याळ पुढे जात असेल,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“रोज तीन तास? मग त्या बाई दुपारच्या जेवणाला सकाळीच बसत असतील.”

कुणी हसलं नाही. कुणी मोजलंही नाही. शेवटी मी सरळ माझी प्रत लावली. पोरगी भिंतीकडच्या खुर्चीत होती. दहा मिनिटं सगळ्यांनी ऐकलं.

“बाई थकलेल्या वाटतात,” दातांचे डॉक्टर म्हणाले.

“थकलेल्याच होत्या. सत्तर वर्षांच्या होत्या.”

“यात ते तेज नाही,” सर म्हणाले. “यंत्रानं खेळ करून काहीही करता येतं.”

“खेळ तुमच्या मशीननं केला. प्रत करताना ते जोरात पळत होतं आणि तुम्ही पाहिलं नाहीत. आम्हीही नाही.” माझा आवाज चढला होता, चढू दिला. “त्या पळणाऱ्या मशीनशी बरोबरी करायला तुम्ही या पोरीला लावलंत. तिच्या गळ्याचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे.”

सरांनी पोरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी माणूस विरघळेल. ते अगदी मायेनं म्हणाले, “बाळ, पण त्यामुळे तू किती उंच गेलीस ते बघ. साध्या टेपनं तुला इतकं वर कधी नेलं असतं का?”

आणि उठून त्यांनी आपली टेप लावली. तेरा माणसं पुन्हा डोळे मिटून बसली. यांच्या कानांना मी काय म्हणू?

मी पोरीचा दंड धरून बाहेर आले. जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली आणि माझा फोन मागितला. माझी प्रत लावून कानाशी धरली आणि हलकेच गुणगुणायला लागली.

“गप्प बस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना?”

तिनं ऐकलं नाही. मधला षड्ज लागला, घोगरा पण सरळ. बाई जशा जात होत्या तशी ती मागोमाग गेली, कुठे ओढाताण नाही, मानेची शीर ताठ नाही. मग बाई वरच्या षड्जावर गेल्या. हिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

तिनं फोन बंद करून माझ्या हातात दिला. पाटी काढली नाही, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा ती बोलली.

“मावशी, हे तर मला पहिल्या दिवसापासून येत होतं.”