कोर्टावरच्या गाड्या

चहाचा कप ओठांना लागतो न लागतो तोच खालून गाडीचा अलार्म कोकलायला लागला आणि श्रीरंगराव तरातरा बाल्कनीत गेले.

"लुंबिनी! पुन्हा बॉल लागला ना माझ्या गाडीला?"

"सॉरी काका! अगदी हळूच लागला. बिल्कुल स्क्रॅच नाहीये!" बॉल पोटाशी धरून सतरा वर्षांची लुंबिनी खालून ओरडली.

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत बास्केटबॉलचं कोर्ट होतं. पण गाड्या वाढत गेल्या, तसं ते आक्रसत गेलं. एका टोकाची बास्केट काढून टाकली होती. दुसऱ्या टोकाच्या बास्केटखाली जेमतेम दोन-तीन खाटा मावतील एवढी जागा उरली होती. आता तीही पार्किंगला द्यायची, असा प्रस्ताव रविवारच्या सभेत येणार होता. तो मांडला होता खुद्द कमिटी मेंबर श्रीरंगरावांनी. ते एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ऑफिसला रोज मेट्रोनं जायचे. गाडी आठवडाभर कव्हर पांघरून कोर्टावर उभी असायची.

"अहो, पण मुलांनी खेळायचं कुठे?" कुमुदताईंनी विचारलं.

"समोर पार्क आहे की!"

"तिथं बोर्ड लावलाय, 'बॉल खेलना मना है'. वाचलाय का कधी?"

श्रीरंगरावांनी वाचला नव्हता. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दोन दिवसांनी लुंबिनीची आई प्रेमलाताई पास घेऊन आल्या. त्या मूळच्या यवतमाळच्या, कस्तुरबा गांधी मार्गावर एका सरकारी कार्यालयात नोकरीला. "भाऊ, वहिनी, शनिवारी स्टेडियमवर यायचंच. लुंबिनी भारताकडून खेळतेय!"

दिल्लीत मुलींची आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा सुरू होती. सांघिक सामन्यांत भारताच्या मुली लवकरच बाहेर पडल्या होत्या. पण एकेकट्या खेळाडूंची कौशल्य स्पर्धा वेगळी होती आणि तिच्या अंतिम फेरीत लुंबिनी पोहोचली होती!

श्रीरंगराव नाइलाजानंच गेले. पण स्टेडियममध्ये पाऊल टाकलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ढोल, झेंडे, रंगीत दिवे, हजारो माणसं! खेळ मात्र सोपा होता. उभ्या खांबांच्या मधून बॉलचे टप्पे देत धावायचं, लटकत्या रिंगणातून बॉल पार करायचा, धावत जाऊन बास्केट करायची आणि शेवटी जमिनीवर आखलेल्या कमानीबाहेरून लांबचा शॉट. तो पडेपर्यंत घड्याळ थांबणार नाही. जिची वेळ सर्वांत कमी, ती जिंकली.

शिट्टी झाली. लुंबिनी सुटली! खांबांमधून ती अशी वळत होती, की बॉल जणू तिच्या तळहाताला चिकटला होता. एकाही खांबाला धक्का नाही! रिंगण पार! धावत बास्केट, तीही पार! पडद्यावर तिची वेळ सर्वांच्या पुढे होती.

"अहो, बघत काय बसलात, ओरडा ना!" कुमुदताई म्हणाल्या. पण श्रीरंगराव आधीच खुर्चीवर चढले होते. "लुंबिनी! शाब्बास! टाक बेटा, टाक!"

तिनं लांबचा शॉट टाकला. बॉल रिंगला लागून बाहेर. धावत जाऊन तिनं तो आणला, पुन्हा टाकला. पुन्हा बाहेर! स्टेडियमनं श्वास रोखला. तिसरा शॉट जाळीत पडला, पण आघाडीचे मोलाचे क्षण हातचे गेले होते. पाठोपाठ आलेल्या मंगोलियाच्या मुलीनं तो शॉट पहिल्याच फटक्यात घातला. लुंबिनी दुसरी आली.

तरीही टाळ्या थांबेनात. निवेदकानं तिच्यापुढे माईक धरला. "इतनी तंग जगह में बॉल कैसे घुमा लेती हो?"

लुंबिनी खुदकन हसली. "हमारी सोसायटी के कोर्ट पर गाड़ियाँ खड़ी रहती हैं। उन्हीं के बीच खेलती हूँ। छू गई तो अलार्म बजता है और अंकल बाल्कनी में आ जाते हैं!"

सारं स्टेडियम हसलं.

"और वो लंबा शॉट?"

"उसकी प्रैक्टिस कहाँ करूँ? उतनी जगह ही नहीं है।"

श्रीरंगराव हळूच खुर्चीवरून खाली उतरले.

बाहेर आल्यावर त्यांनी ओशाळून थट्टेचा प्रयत्न केला. "म्हणजे प्रेमलाताई, आमच्या गाड्यांनीच तिला तयार केलं म्हणायचं!"

प्रेमलाताई हसल्या नाहीत.

"भाऊ, अडचणीतून तिनं वाट काढली, हे तिचं कौतुक. अडचण ठेवल्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका. आमच्या कितीतरी पिढ्या अशाच वाट काढत आल्या. 'बघा, तरी शिकलेच ना!' असं म्हणणारे पुष्कळ भेटले. वाटेतला दगड उचलणारे फार थोडे. आणि लुंबिनी हट्टी म्हणून टिकली. तुमच्या अलार्मला घाबरून जी मुलं खाली उतरायचीच बंद झाली, त्यांचं काय? ती कुणाला दिसणार?"

मेट्रोतून उतरून घरी जाताना श्रीरंगराव समोरच्या पार्कपाशी थांबले आणि तो बोर्ड त्यांनी पहिल्यांदाच वाचला.

रविवारी सभेत सेक्रेटरी इंद्रजितजींनी प्रस्ताव वाचला. श्रीरंगराव उभे राहिले. "ये प्रस्ताव मेरा था. मैं वापस लेता हूँ."

"अरे यार, तो गाड़ी कहाँ लगाओगे?" इंद्रजितजींनी विचारलं.

"मेट्रो की पार्किंग में. वहाँ से पैदल आऊँगा. आप भी सोचिए. गाड़ी को बढ़ना नहीं है, बच्चों को बढ़ना है!"

गलका झाला. इंद्रजितजी तर रागानं उठूनच गेले. पण बऱ्याच आयांनी कोर्ट मोकळं करण्याच्या बाजूनं हात वर केले आणि मग त्यांच्याकडे पाहून वडिलांनीही. त्याच दुपारी श्रीरंगरावांनी आपली गाडी काढली. महिन्याभरात बाकीच्याही एकेक करून हलल्या. लुंबिनीनं ब्रश घेऊन कमानीची पांढरी रेषा आखली आणि तिच्याबाहेरून पहिला शॉट टाकला, तेव्हा ज्यांची नावंही श्रीरंगरावांना ठाऊक नव्हती, अशी कितीतरी मुलं कोर्टावर नाचत होती!

मंडळी, अडथळे ओलांडून पुढे गेलेल्यांसाठी टाळ्या वाजवायला आपण सगळेच तयार असतो. पण तो अडथळा आपणच तर ठेवलेला नाही ना, एवढं एकदा आपल्या बाल्कनीतून खाली डोकावून पाहा. असलाच, तर टाळ्या राहू द्या. आधी तो उचला!