तारीख खोडलेला दगड

गाव सुधारायला निघालेल्यांनो, तुम्ही आधी एका दगडाला आळशी केलंत! होय, मी दगडच बोलतोय, म्हसावदच्या वरच्या डोंगरातला. नाल्यात पाण्याशी झुंजत होतो, तेव्हा माझी अंगकाठी चांगली भक्कम होती.

डोंगरातल्या पाड्याने ठरवलं, नाल्यावर बांध घालायचा आणि पाट काढून पाणी शेतांकडे न्यायचं. हरभरा पिकला, तर थंडीत घरं बंद करून, पोराबाळांसह खाली कापूस वेचायला जावं लागणार नाही. ठरवलं पाड्याने; पण वार्ता म्हसावदला पोचली आणि तिथे लगेच ग्रामसुधारणा कमिटी झाली! कमिटीने मला उचललं, घासलं आणि माझ्या छातीवर कोरलं: बड्या साहेबांचं नाव, कमिटीची नावं, पायाभरणीची तारीख. पाड्याचं नाव मावलं नाही.

त्या तारखेला साहेब आले नाहीत. पाथरवटाने तारीख तासून नवी कोरली. साहेबांना सर्दी झाली. पुन्हा तासलं. मग साहेबच बदलले, तेव्हा नावही तासलं. मी बारीक होत गेलो आणि गळ्यात हार घालून सागाखाली बसून राहिलो. इकडे भात कापून झाला. नाल्याची धार आटू लागली.

"शेठ, घालू का बांध?" पाड्यातल्या आमश्याने विचारलं.

कमिटीचे सुमेरमल शेठ दचकले. "आरे, साहेबना हात लागाबिगर काम चालू करानं नही!"

आमश्याची बायको बुधीबाई तिथेच उभी होती. शेठची पाठ फिरताच ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांचा हात येईल तेव्हा येईल. आपले काय झिजले? सांग लाहा!"

लाहा म्हणजे साऱ्या पाड्याने मिळून एका घरचं काम उरकायचं. ज्याचं काम, तो जेवू घालतो. इथे काम सगळ्यांचं, म्हणून घरोघरून ज्वारी आली, उडीद आले. बांध उभा राहिला. पण पाटाच्या तोंडाशी पाणी अडवायला-सोडायला सपाट, पातळ दगड मिळेना. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"तासून तासून हाच बरा पातळ झालाय," आमश्या म्हणाला.

"कमिटीचे उपकार, दुसरं काय!" बुधीबाई म्हणाली.

आता मी पाटाच्या तोंडाशी उभा आहे, अक्षरं पाण्याकडे करून. मला वर उचललं की पाणी हरभऱ्याकडे धावतं. या थंडीत पाड्यातलं एकही घर बंद नाही. माझ्या अंगावर शेवाळ चढलंय, कमिटीच्या नावांवर खेकडे बसतात. एकच विनवणी आहे: मला पुन्हा हार घालू नका.

आज पाट पुढच्या शेतांपर्यंत न्यायला पुन्हा लाहा लागला होता आणि नेमके आजच साहेब आले! सोबत वाजंत्री, सुमेरमल शेठ, ताजा हार. सागाखालची रिकामी जागा पाहून साहेबांनी विचारलं, "कोनशिला कुठे आहे?"

शेठ पागोटं सावरू लागले. चुलीवर उडीद ढवळणारी म्हातारी हिरीबाई मान वर न करता म्हणाली, "दगड कामले लागी गया, साहेब. तुम्ही बी टोपली उचला, मंग जेवाले बसा."