हेस्टर ट्रिमचा ट्रॅक्टर

"हेस्टरबाई, तुमचा ट्रॅक्टर पुन्हा माळावरून न्याल का?" हे वाक्य विल्फ गपीने वाटेत चार वेळा घोकलं होतं. दार उघडल्यावर मात्र तोंडून निघालं, "हवा बरी आहे आज."

बाहेर धो धो पाऊस कोसळत होता.

"आत ये," हेस्टर ट्रिम म्हणाली. "आणि बूट काढ. ही फरशी संरक्षित आहे."

इंग्लंडातल्या डॉर्सेटमधला आमचा माळ, हेदरच्या जांभळ्या झुडपांचा, संरक्षित, आणि विल्फ एकवीस वर्षं त्याचा राखणदार. हेस्टर पलीकडच्या कुरणाची मालकीण. तिचा ट्रॅक्टर माळाच्या कडेने जायचा. विल्फने आडवा बांबू लावला, तिने काढून टाकला. त्याने पत्रं लिहिली, तिने ती चुलीत घातली आणि तसं त्याला कळवलंही. तीन वर्षांनी वरून हुकूम आला आणि विल्फने तिथे कुंपण घातलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. हेस्टर तेव्हापासून चार मैलांच्या वळशाने जात होती.

सोमवारी निसर्ग संवर्धनाच्या कचेरीतून वनस्पतीतज्ज्ञ बाई आल्या. क्लबमॉस नावाचं, बोटभर उंचीचं, शेवाळासारखं दिसणारं दुर्मीळ रोप आहे आमच्याकडे. कुंपण घातलं तेव्हा चारशेच्या वर रोपं होती. आता अकरा उरली होती.

"इथून पूर्वी काही जड जायचं का?" बाईंनी विचारलं.

"ट्रॅक्टर. मी बंद केला," विल्फ छाती काढून म्हणाला.

"तिथेच चुकलं. याला तुडवलेला, उघडा चिखल लागतो. गवत माजलं की गुदमरतं. तो ट्रॅक्टर परत आणता येईल?"

विल्फ त्या दिवशी जेवला नाही.

आता हेस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि चहा ओतला.

"म्हणजे ते रोप मी जगवत होते."

"तसं म्हणता येईल."

"मग म्हण ना."

"तुम्ही जगवत होता."

"आणि तू?"

"मी मारत होतो."

हेस्टर हसेल असं त्याला वाटलं होतं. तिने केकचा तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"ट्रॅक्टर आहे. चालवायला गुडघे नाहीत माझे. तू चालव."

"मला येत नाही."

"तीन वर्षं मागे धावत होतास की त्याच्या. बघितलं काय मग?"

गुरुवारी विल्फने स्वतःचं कुंपण स्वतः कापलं. मागच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून, छत्री धरून हेस्टर बसली होती. "डावीकडे. तुझी डावी नव्हे, खरी डावी." ट्रॅक्टर दोनदा रुतला. तिसऱ्यांदा रुतला तेव्हा कोणीतरी कचेरीत फोन केला, की राखणदाराचं डोकं फिरलंय, माळ नांगरतोय.

दोन हिवाळे दोघं असे फिरले. तिसऱ्याच्या आधी हेस्टर गेली. ट्रॅक्टरची किल्ली तिने विल्फच्या नावाने पाकिटात ठेवली होती.

त्या शरदात विल्फने ओल्या चाकोरीत गुडघे टेकून रोपं मोजली. त्र्याऐंशी भरली. कचेरीच्या तक्त्यात 'देखभाल कोणाची' या रकान्यात त्याने लिहिलं : श्रीमती हेस्टर ट्रिम.

तक्ता परत आला. सोबत चिठ्ठी : या नावाची कर्मचारी आमच्या नोंदीत नाही, दुरुस्त करून पाठवावे.

विल्फने नवा तक्ता घेतला आणि त्याच रकान्यात, तेच नाव, जरा मोठ्या अक्षरांत लिहिलं.