कोपऱ्यातला खड्डा

ज्ञानेश्वरीला लहानपणी हाडं गोळा करायचा भारी नाद. बाकीच्या पोरी चिंचोके जमवायच्या, बांगड्यांच्या काचा जमवायच्या, ही बया ओढ्याच्या गाळातून म्हशीचा जबडा ओढत घरी आणायची आणि विचारायची, "बाई, हे कुणाचं?" कडूबाई आधी शिव्या घालायची, मग पोरीला न्हाणीत उभी करून खसाखसा घासायची आणि डोकं पुसता पुसता त्या म्हशीची अख्खी जन्मकथा रचून सांगायची. जबडा मात्र गोठ्यातल्या कोनाड्यात जपून ठेवायची. घोडेगावाजवळच्या त्या घरातले तेच दिवस सोन्याचे होते, असं कडूबाईला अजून वाटायचं. पोर शिकून शाळेत विज्ञान शिकवायला लागली, लग्न होऊन शेवगावला गेली, पण तो कोनाडा काही रिकामा झाला नाही.

पोर तिच्या पोटची नव्हती. तिचा बाप मच्छिंद्र, त्याची पहिली बायको राजूरची. ती तापानं गेली तेव्हा ज्ञानेश्वरी तीन वर्षांची होती. पुढच्याच वर्षी कडूबाई या घरात आली. तिची स्वतःची कूस काही उजवली नाही, आणि गावानं त्यावर बोलायचं ते तोंड भरून बोलून घेतलं. पण पोर तिला 'बाई' म्हणायची. या गावात सख्ख्या आईलाही बाईच म्हणतात, त्यामुळं कडूबाईला आणखी काही नको होतं.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात मात्र तिच्या जिवाला घोर लागला. ज्ञानेश्वरीचे दिवस भरत आले होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं. माहेर कोणतं, हा फाटा राजूरच्या आदिनाथमामानं फोडला. त्यानं निरोप धाडला, "पोरीची नाळ आमच्याकडं पुरलीय, तिच्या लेकराचीबी इथंच पुरायची. पोळ्याच्या आत जीप धाडतो." ज्ञानेश्वरी हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

लेकरू जन्मायच्या आधी काही मांडून ठेवू नये म्हणतात. कडूबाईला हे ठाऊक का नव्हतं? पण माणसाचा धीर सुटला की सुटला. तिनं आतल्या खोलीच्या कोपऱ्यात खुरप्यानं खड्डा उकरला आणि त्याच्याशेजारी नवं कोरं गाडगं पालथं घालून ठेवलं. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी नर्सबाईच्या हातापाया पडून नाळेसकट वार मागून आणायची आणि गाडग्यात घालून इथंच पुरायची. इतकी वर्षं सारवलेल्या त्या जमिनीत तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं.

रविवारी ज्ञानेश्वरी एसटीनं आली. हाशहुश करत बसली, आणि पाणी प्यायच्या आधी तिनं पिशवीतून वर्तमानपत्र काढलं.

"बाई, बघ तरी! जर्मनीतलं हाड हाय. हजारो वर्षांमागचं. निअँडरथल माणसाचं."

"आता म्हशी सोडून मानसांची गोळा करायला लागलीस व्हय?" कडूबाई हसली.

"ऐक तर. त्या हाडाचा जरासा भुगा काढला आन् त्यातला एका जातीचा डीएनए वाचला. आईकडनंच लेकरात उतरतो तो. आईचा, तिच्या आईचा, तिच्याबी आईचा, असा पार मागंपातूर. आन् त्या हाडाची ओळ आज जगातल्या कुणाच्याच ओळीशी जुळली न्हाई! इतकी वर्षं लोक त्याला आपला पूर्वज समजत हुते, तो निघाला परका."

पोरीचे डोळे लहानपणीसारखे चमकत होते. कडूबाई ते डोळे बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "मंग तुझ्या लेकरात तुझ्या आईचंच उतरंल."

"तर! सगळं तिचंच," ज्ञानेश्वरी उत्साहात बोलून गेली आणि हातपाय धुवायला उठली.

दुपारी ती झोपली तशी कडूबाईनं आतल्या खोलीत जाऊन खड्डा बुजवला. वर शेणाचा हात फिरवला. गाडगं उचलून गोठ्यात नेलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

ज्ञानेश्वरी उठली तेव्हा चहा तयार होता. "तू राजूरलाच जा," कडूबाई चुलीकडं बघत म्हणाली. "आदिनाथभाऊ म्हनतो ते बरोबर हाय."

ज्ञानेश्वरीनं कप खाली ठेवला. पिशवी ठेवायला ती सकाळी आतल्या खोलीत गेली होती. खड्डा आणि गाडगं, दोन्ही तिनं पाहिलं होतं. ती उठून आत गेली.

"बाई, हितं काय केलंस?"

"उंदरानं बीळ केलं हुतं. बुजवलं."

"उंदीर गाडगंबी घेऊन गेला का?"

कडूबाई चुलीपासून उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ज्ञानेश्वरीला आता आपलंच सकाळचं बोलणं आठवलं आणि तिचा चेहरा पडला.

"अगं, ती नुसती एक ओळ हाय," ती गडबडीनं म्हणाली. "तेवढीच वाचता आली. मानसाच्या आत लई काय काय असतं, ते अजून कुणी वाचलंच न्हाई. उद्या त्या परक्याचाबी अंश आपल्यात निघंल, कुनी सांगावं."

"त्याचा निघंल. माझा निघायचा न्हाई."

विज्ञानाच्या मास्तरीणबाईंना खोटं बोलता येईना.

"न्हाई निघायचा," ती शेवटी म्हणाली.

मग ती पोटाला हात लावत कशीबशी खाली बसली. भिंतीशी पडलेलं खुरपं घेतलं आणि ओल्या सारवणात घातलं.

"अगं ए! अवघडलेल्या बाईनं असं उकरू न्हाई. टाक ते खाली!"

"मंग तू उकर. राजूरला माझी नाळ हाय, पन सुट्टी लागली की मी हितंच पळत येते. माझ्या लेकरानं कुठं पळत यायचं?"

कडूबाईनं तिच्या हातातलं खुरपं हिसकावून घेतलं. पदरानं तोंड पुसलं आणि माती काढायला लागली. माती अजून भुसभुशीत होती.

ज्ञानेश्वरी भिंतीला टेकून बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, जरा मोठा घे. दुसऱ्या खेपेला परत कोन उकरत बसंल?"