कारवीचा मध

सात वर्षांनी औंढ्याच्या वरचा डोंगर जांभळा झाला होता. कारवी फुलली होती. कातकरवाडीतला निवृत्ती वाघमारे तीन दिवस अंगणात बसून मधमाश्या कोणत्या बाजूला जातात तेवढंच बघत होता. मोहोळ काढण्यात त्याचा हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं, पण गुडघा गेल्यापासून झाडावर चढणं बंद झालं होतं.

"बा, मी चढते," त्याची लेक मानसी म्हणाली. मळवलीला एका बंगल्यावर ती कामाला होती. आज मुद्दाम सुट्टी काढून आली होती.

"बाईमानसानं मोहोळ काढल्याचं ऐकलंयस का कुटं?"

"न्हाई. चल, झाड दाखव."

निवृत्तीला हसू आलं. काठी टेकत तो तिला रानात घेऊन गेला. एका म्हाताऱ्या आईनाच्या झाडाच्या ढोलीत माश्यांची ये-जा चालली होती. त्यानं वाळल्या गवतात ओला पाला गुंडाळून धुराची चूड केली. मानसीनं ओढणी डोक्याला बांधली, कोयता कमरेला खोचला, चूड हातात घेतली आणि ती चढू लागली.

"धूर दे! घाई करू नगं! फुंकर मारू नगं, चवताळत्यात!" खालून निवृत्ती ओरडत होता.

धुरानं माश्या बाजूला सरकल्या. मानसीनं आत हात घातला आणि ती किंचाळलीच. "बा, सात पोळी हायेत! भरल्याली!"

"कडंची दोन घे. मधल्यात पिल्लं असत्यात."

"तिसरंबी जड हाय रं!"

"ऱ्हाऊ दे. त्येंनी काय खायचं? मोहोळ हितंच नांदलं पायजे."

तिनं तिसऱ्यावरचा हात काढून घेतला. तेवढ्यात एक माशी कानाला चावलीच.

खाली उतरल्यावर निवृत्तीनं पहिला तुकडा पळसाच्या पानावर ठेवून रानाच्या देवाला दिला. मग दोघं बापलेक बोटं चाटत बसले. मध कोपरापर्यंत ओघळला होता. मानसीचा कान पुरीसारखा फुगला होता आणि तिला हसू आवरत नव्हतं.

वाडीत परतल्यावर निवृत्ती दारोदार मध वाटत सुटला. "माज्या मानसीनं काढला," असं सांगताना दर घरी आईनाचं झाड थोडं थोडं उंच होत गेलं. भागुबाईच्या दारात तर ते डोंगराच्याही वर गेलं.

"खरं का गं?" भागुबाईनं त्याच्या मागं उभ्या असलेल्या मानसीला विचारलं.

"व्हय मावशी," मानसी म्हणाली, "लय उंच."